फोन हँग, मेल फुल, ॲप बंद पडतंय? नवीन फोन घ्यायच्या आधी एवढं करून बघा

कापसाचे पैसे आले, केळीची गाडी भरून गेली की आमच्याकडे जळगावच्या मोबाईल दुकानांत गर्दी वाढते आणि त्यातले कितीतरी जण निव्वळ जुना फोन हँग होतो म्हणून नवीन घ्यायला आलेले असतात. मी रिपेरिंगच्या काउंटरवर बसतो, रोज ऐकतो, "मोबाईल हँग व्हई ऱ्हायना भाऊ, फॉरमॅट मारी दे". फोन हातात घेऊन बघितला तर बहुतेक वेळा फोन चांगला असतो, फक्त आतमधे जागा नसते, नाहीतर उन्हाने तापलेला असतो, नाहीतर कुठलं तरी भलतंच ॲप आत बसलेलं असतं. पंधरा-वीस हजार घालवायच्या आधी हे सगळं घरी बसून करता येतं, कुणाला पैसे द्यायची गरज नाही. फक्त घाई करायची नाही आणि फॉरमॅट सगळ्यात शेवटी, कारण फॉरमॅट मारला की लेकराबाळांचे फोटो, व्हॉट्सॲपच्या चॅट सगळं जातं आणि मग रडून उपयोग नसतो.

आधी हे ठरवा की फोन स्लो आहे की नेट स्लो आहे

हे लोक बघतच नाहीत. फोनचं कॅल्क्युलेटर उघडा, कॅमेरा उघडा, कॉन्टॅक्टमधे वरखाली करा. हे सगळं पटपट होत असेल आणि फक्त यूट्यूब, फेसबुक, व्हॉट्सॲपचे व्हिडिओ अडकत असतील तर फोनचा काही दोष नाही, नेटचा प्रॉब्लेम आहे. रोजचा दीड जीबी, दोन जीबी डेटा संपला की कंपनी स्पीड ६४ केबीपीएसवर आणते, तेवढ्यात साधा मेसेज जातो पण फोटो उघडत नाही, आणि घरातली पोरं दुपारपर्यंतच रील बघून डेटा संपवतात मग संध्याकाळी आप्पा म्हणतात फोन खराब झाला. सिमच्या कंपनीच्या ॲपमधे बघा किती डेटा उरलाय. डेटा आहे तरी चालत नाही तर एरोप्लेन मोड दहा सेकंद चालू करून बंद करा, फोन टॉवर नव्याने पकडतो.

आणखी एक, फायजीचं. फायजीची रेंज एक कांडी येते जाते अशी असेल तर फोन सारखा फायजी-फोरजी करत बसतो, त्यात बॅटरी पण जाते आणि फोन गरम पण होतो. सेटिंगमधे सिमकार्डच्या आत प्रीफर्ड नेटवर्क टाइप असतं तिथे फोरजी करून टाका. धडगाव, तोरणमाळकडे किंवा रावेर तालुक्यात पालच्या बाजूला जाणं होत असेल तर तिथे रेंजच नसते कितीतरी ठिकाणी, फोन टॉवर शोधून शोधून संध्याकाळपर्यंत बॅटरी संपवतो, तेवढा वेळ एरोप्लेन मोडवर ठेवलेला बरा.

आता फोनच स्लो असेल तर

पहिलं काम स्विच ऑफ करून चालू करा. साधी गोष्ट आहे पण महिनोन्‌महिने फोन बंदच न केलेले लोक मी रोज बघतो. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करायची सवय लावा.

मग सेटिंग, स्टोरेज. तिथे किती भरलंय ते दिसतं. गूगल स्वतः सांगतं की १० टक्क्यांपेक्षा कमी जागा उरली की फोन अडचणी द्यायला लागू शकतो. मी म्हणतो १५-२० टक्के मोकळी ठेवा. म्हणजे ६४ जीबीचा फोन असेल तर दहा-बारा जीबी रिकामे पाहिजेत, आणि लोकांच्या फोनमधे उरलेले असतात तीनशे-चारशे एमबी. एवढ्याशा जागेत ॲप अपडेट होत नाही, कॅमेरा फोटो सेव्ह करत नाही, व्हॉट्सॲप उघडता उघडता बंद पडतं.

जागा खातं कोण तर आपल्याकडे नव्वद टक्के घरात एकच उत्तर, व्हॉट्सॲप. गुड मॉर्निंगचे फोटो, भावकीचा ग्रुप, गावाचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, केळी भावाचा ग्रुप, आणि तोच एक व्हिडिओ पाच ग्रुपवरून पाच वेळा आलेला. व्हॉट्सॲपमधे सेटिंगला जा, स्टोरेज अँड डेटा, मग मॅनेज स्टोरेज. तिथे व्हॉट्सॲपनेच वेगळं काढून ठेवलेलं असतं, बऱ्याच वेळा फॉरवर्ड झालेलं एका ठिकाणी आणि ५ एमबीपेक्षा मोठं एका ठिकाणी. आधी फॉरवर्डवालं उघडा, त्यात कामाचं जवळजवळ काहीच नसतं, सगळं सिलेक्ट करून उडवा. मोठ्या फाइलवाल्यात मात्र एकेक बघून उडवा कारण त्यात लग्नाचा व्हिडिओ असतो, सातबाराची पीडीएफ असते, पोरीच्या निकालाचा फोटो असतो. त्याच्या खाली चॅटवार यादी असते कुठल्या ग्रुपने किती जागा खाल्ली ती, ती बघून लोकांना धक्का बसतो, एकेका ग्रुपचे पाच-सहा जीबी.

उडवून झालं की परत भरू नये म्हणून त्याच स्टोरेज अँड डेटामधे मीडिया ऑटो डाउनलोड आहे, त्यात मोबाईल डेटावर आणि वायफायवर दोन्हीकडे व्हिडिओची टिक काढा. मग व्हिडिओ आपण दाबला तरच उतरतो. डेटा पण वाचतो. आणि चॅटच्या सेटिंगमधे मीडिया व्हिजिबिलिटी बंद केली की नवीन येणारे फोटो गॅलरीत दिसत नाहीत, म्हणजे गॅलरी उघडल्यावर आपल्या घरचे फोटो आधी दिसतात, हजार फुलांचे गुच्छ नाही.

गॅलरीतून उडवलेलं लगेच जात नाही हे पण लक्षात ठेवा. ते रीसायकल बिनमधे किंवा ट्रॅशमधे महिनाभर बसून राहतं आणि जागा तशीच अडून राहते. गॅलरीच्या आत ट्रॅश उघडून तिथून रिकामं करावं लागतं. पण ते करायच्या आधी एकदा नजर टाका, चुकून उडालेला फोटो परत आणायची शेवटची जागा तीच आहे.

गूगल फोटोचं नीट वाचा, इथे लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. गूगल फोटो ॲपमधे बॅकअप चालू असेल आणि तुम्ही त्या ॲपमधून साधं डिलीट दाबलं तर फोटो फोनमधून पण जातो आणि गूगलच्या खात्यातून पण जातो, दोन्हीकडून. लोकांना वाटतं वर सेव्ह आहे ना मग इथला उडवू. तसं नाही ते. फोनमधली जागा मोकळी करायची आणि फोटो वर ठेवायचे असतील तर कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर दाबून फ्री अप स्पेस म्हणून ऑप्शन आहे तेच वापरायचं, ते फक्त बॅकअप झालेले फोटो फोनमधून काढतं, वरचे तसेच राहतात. चुकून दोन्हीकडून उडाले तर बॅकअप झालेले फोटो ट्रॅशमधे ६० दिवस असतात, तेवढ्यात परत आणा.

यानंतर ॲप. ज्या ॲपला तीन-चार महिने हात लावला नाही ते काढा. खरेदीची चार ॲप, एकच सामान सगळीकडे. गेम पोरांनी टाकलेले. आणि बूस्टर, क्लीनर, बॅटरी सेव्हर, फोन कूलर अशी जी ॲप असतात ती सगळ्यात आधी काढा. ही स्वतःच दिवसभर मागे चालतात, जाहिराती दाखवतात आणि रॉकेट उडाल्याचं चित्र दाखवून अमुक एमबी साफ केलं म्हणून सांगतात. साफसफाईला गूगलचं फाइल्स ॲप पुरेसं आहे, ते बऱ्याच फोनमधे आधीपासून असतं.

मग ते खालून वर स्वाइप करून सगळे ॲप बंद करायचं, ते पण सारखं करू नका. कितीतरी लोकांना दर पाच मिनिटाला ती सवय असते. अँड्रॉइड स्वतः ठरवतं कुठलं ॲप रॅममधे, म्हणजे चालू कामाच्या मेमरीत, ठेवायचं आणि कुठलं काढायचं, तुम्ही सगळे बंद केले की पुढच्या वेळी ते ॲप पहिल्यापासून उघडावं लागतं, त्यात उलट जास्त वेळ आणि जास्त बॅटरी जाते. एखादं ॲप अडकलं असेल तर तेवढंच बंद करा.

रॅमवरून आठवलं, बॉक्सवर ४ जीबी अधिक ४ जीबी असं लिहून विकतात ना फोन, त्यातली दुसरी ४ ही खरी रॅम नसते, ती फोनच्या स्टोरेजमधूनच घेतलेली जागा असते. स्टोरेज रॅमपेक्षा बरीच हळू असते त्यामुळे फार फरक पडत नाही. ज्याच्या ३२ किंवा ६४ जीबीच्या फोनमधे आधीच जागा नाही त्याने सेटिंगमधे जाऊन ही एक्सटेंडेड रॅम बंद करून रीस्टार्ट मारला तर तेवढे जीबी मोकळे होतात. सेल्समन हे सांगत नाही.

मेमरी कार्डचं पण तसंच. स्वस्तातलं कार्ड टाकून त्यावर ॲप हलवली की ती ॲप रडत रडत चालतात. कार्डवर फोटो, व्हिडिओ, गाणी ठेवा, ॲप फोनमधेच ठेवा.

जुन्या फोनला आणखी थोडं हलकं करायचं तर ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमधे रिमूव्ह ॲनिमेशन्स असतं ते चालू करा, खिडक्या सरकत सरकत उघडायच्या थांबतात आणि फोन चटपटीत वाटायला लागतो. यूट्यूबवर डेव्हलपर ऑप्शन चालू करायला सांगतात, ते मी सांगत नाही, कारण ते चालू असलं की काही बँकांची ॲप उघडतच नाहीत आणि मग माणूस बँकेत चकरा मारतो.

कॅश आणि डेटा यातला फरक

एखादंच ॲप त्रास देत असेल, उघडून बंद पडत असेल, तर त्या ॲपच्या आयकॉनवर दाबून धरा, ॲप इन्फो, स्टोरेज. तिथे दोन बटणं असतात. कॅश म्हणजे ॲपने तात्पुरतं साठवलेलं सामान, क्लीअर कॅश दाबायला भिऊ नका, त्यात कामाचं काही जात नाही. क्लीअर डेटा किंवा क्लीअर स्टोरेज मात्र विचार करून. ते दाबलं की ॲप नवीन टाकल्यासारखं होतं, लॉगिन जातं. फोनपे, गूगलपेसारख्या ॲपला केलं तर परत सिममधून एसएमएस जाऊन रजिस्टर करावं लागतं, त्यासाठी बँकेला जोडलेलं सिम त्याच फोनमधे पाहिजे आणि एसएमएस पाठवायला बॅलन्स किंवा पॅक पाहिजे. व्हॉट्सॲपला केलं आणि बॅकअप नसेल तर चॅट गेल्या. म्हणून क्रम असा, फोर्स स्टॉप, मग कॅश, मग प्ले स्टोअरमधे अपडेट बघा, आणि तरी नाही जमलं तरच डेटा.

अपडेट बघताना अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू नावाचं पण एक असतं ते अपडेट करा. लोकांना वाटतं हे काय आपलं नाही. पण बरीच ॲप आतल्या आत वेब पेज दाखवायला तेच वापरतात. २०२१ च्या मार्चमधे या वेबव्ह्यूमधेच गडबड झाली होती आणि जगभरात लोकांचं जीमेल आणि बाकी ॲप एकदम उघडता उघडता बंद पडत होती, नवीन अपडेट टाकल्यावर सुटलं. तेव्हा एकाच दिवशी चार-पाच ॲप सोबत बंद पडायला लागली तर फोन फॉरमॅट करू नका, एक दिवस थांबा, वेबव्ह्यू आणि क्रोम अपडेट करा.

ई-पीक पाहणीचं ॲप हे आमच्या काउंटरवरचं दुसरं मोठं दुखणं. २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर पीक नोंदवायचं आलं, आणि शेतात उभं राहून फोटो काढायला गेलं की लोकेशन घेत नाही, ॲप अडकतं. तीन गोष्टी घरून निघायच्या आधी करा. एक, प्ले स्टोअरमधे ॲपची नवी आवृत्ती आलीय का बघा, मागच्या हंगामाचं जुनं ॲप तसंच ठेवून चालवायला जाऊ नका. दोन, लोकेशनमधे ॲक्युरसी चालू आणि ॲपला लोकेशनची परवानगी देताना प्रिसाइज चालू. तीन, फोनमधे थोडी जागा. शेतात गेल्यावर झाडाखाली नाही, मोकळ्या आकाशाखाली दोन मिनिटं थांबा, जीपीएसला सॅटेलाइट सापडायला वेळ लागतो. आणि शेवटच्या तारखेची वाट बघू नका, शेवटच्या दिवसांत सगळ्यांची घाई होते, सर्व्हर जड होतो, तुमच्या फोनने कितीही केलं तरी उपयोग नाही.

ऊन

आमच्या खानदेशात हा विषय बाकीच्यांपेक्षा मोठा आहे. भुसावळ, जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. ॲपल आपल्या आयफोनसाठी सांगतं की ० ते ३५ अंशात वापरा, आणि आपल्याकडे ३५ तर मार्चच्या दुपारीच होऊन जातं. फोन तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, स्क्रीनचा उजेड कमी होतो, चार्जिंग थांबतं, फ्लॅश चालत नाही. दुपारी दोनला हँग होणारा फोन रात्री दहाला नीट चालत असेल तर समजून जा, उन्हाचा त्रास आहे, बिघाड नाही.

गाडीच्या हँडलला लावून उन्हात मॅप चालवणं, स्कूटीच्या डिकीत फोन ठेवून लग्नात जाणं, मळ्यात ट्रॅक्टरच्या बोनेटवर ठेवणं, हे बंद करा. शेतात डब्याच्या पिशवीत, झाडाच्या सावलीत ठेवा. तापला तर कव्हर काढा, हॉटस्पॉट आणि डेटा बंद करा, चार्जरवरून काढा, पंख्याखाली ठेवा. फ्रिजमधे ठेवू नका, ओलं फडकं पण नाही. गरम फोन एकदम गार केला की आत पाणी सुटतं आणि मग तो फोन माझ्याकडे बोर्ड खराब होऊन येतो.

लिथियमच्या बॅटरीला उष्णता सगळ्यात वाईट. तापलेला असताना चार्जिंग, १०० टक्के भरून तसाच रात्रभर चार्जरवर, उशीखाली, यात बॅटरी लवकर म्हातारी होते. उन्हाळ्यात चार्जिंग सकाळी लवकर करा. नव्या फोनमधे ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते, ती चालू करा. बॅटरी फुगून मागचं झाकण किंवा स्क्रीन वर आली असेल तर त्याच दिवशी वापरणं बंद, चार्जिंग बंद, दाबून बसवायचं नाही, टोचायचं नाही, सरळ दुरुस्तीला आणा.

सेकंडहँड आयफोन घेणाऱ्या पोरांसाठी खास सांगतो. बॅटरी जुनी झाली की आयफोनचा वेग मुद्दाम कमी केला जातो, फोन अचानक बंद पडू नये म्हणून, हे ॲपलने २०१७ च्या डिसेंबरमधे मान्य केलंय. सेटिंग, बॅटरी, बॅटरी हेल्थमधे ८० टक्क्यांखाली आकडा असेल आणि फोन रडत असेल तर आधी बॅटरी बदला, बऱ्याचदा फोन परत पहिल्यासारखा पळतो.

मेल येत नाही, मेल फुल झाला

मेलकडे आपल्याकडे लोक लक्ष देत नाहीत, व्हॉट्सॲप चालू आहे ना बस. पण भरतीचं हॉल तिकीट, कॉलेजच्या ॲडमिशनची यादी, बँकेचं स्टेटमेंट, हे सगळं मेलवर येतं, आणि मेलबॉक्स भरला की पाठवणाऱ्याकडे तो मेल परत जातो, तुम्हाला काही कळत पण नाही. पोरगा वर्षभर अभ्यास करतो आणि कॉल लेटरचा मेल खात्यात शिरतच नाही, हे मला फार लागतं.

गूगल फुकटात १५ जीबी देतं. पण ती फक्त जीमेलला नाही. जीमेल, गूगल ड्राइव्ह आणि गूगल फोटो, एकाच विहिरीवर तीन मोटारी लावल्यासारखं आहे, एकाने उपसलं की दुसऱ्याला कोरडं. २०२१ च्या जूनपासून फोटोचा बॅकअप त्या १५ जीबीत मोजायला लागले आणि २०२४ पासून अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप पण त्यातच. म्हणून मेलमधे फार काही नसताना मेल बंद पडतो आणि लोक मेल उडवत बसतात.

आधी बघा कुणी किती खाल्लंय. जीमेल उघडा, कोपऱ्यातल्या गोल फोटोवर दाबा, तिथे इतके जीबीपैकी इतके वापरले असं दिसतं, त्यावर दाबलं की तिन्हींचा हिशेब वेगवेगळा येतो. व्हॉट्सॲपचा बॅकअप मोठा असेल तर व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअपमधे जाऊन व्हिडिओ सोबत घ्यायची टिक काढा, नुसत्या चॅट आणि फोटो ठेवा. फोटो मोठे असतील तर गूगल फोटोमधे आधी मोठे व्हिडिओ शोधा, पाच मिनिटाचा एक व्हिडिओ शेकडो फोटोंची जागा खातो, पण वर सांगितलं ते लक्षात ठेवा, इथून उडवलं की दोन्हीकडून जातं, ठेवायचा असेल तर आधी पेनड्राइव्हवर किंवा कुणाच्या कॉम्प्युटरवर घ्या.

जीमेलमधले मोठे मेल शोधायला वरच्या सर्चमधे इंग्रजीत लार्जर लिहा, लगेच कोलन, लगेच १० आणि एम, आकडा पण इंग्रजीतच, मधे कुठेच स्पेस नाही. १० एमबीपेक्षा मोठे सगळे मेल समोर येतात. बघून नको ते उडवा. मग ट्रॅश रिकामा करा, नाहीतर ते ३० दिवस तिथेच जागा अडवून बसतात.

ऑफरचे, नोकरीच्या साइटचे, लोनचे मेल प्रमोशन्स टॅबमधे साठलेले असतात. ते उडवत बसण्यापेक्षा एकेका पाठवणाऱ्याचा एक मेल उघडून अनसबस्क्राइब दाबा. पण हे फक्त ओळखीच्या कंपन्यांसाठी. तुम्ही कधी नाव पण ऐकलं नाही, लॉटरी लागली, पार्सल अडकलं असे मेल असतील तर त्यातल्या कुठल्याच लिंकवर दाबायचं नाही, अनसबस्क्राइब पण नाही, रिपोर्ट स्पॅम करायचं.

जागा आहे तरी मेल येत नाही असं असेल तर आधी स्पॅम बघा. फॉर्म भरल्यावर दर आठवड्याला स्पॅममधे डोकवायचं हे पोरांनी पाठच करून ठेवा, कारण स्पॅममधलं ३० दिवसांनी आपोआप उडतं. मग जीमेलच्या सेटिंगमधे आपल्या खात्यात सिंक जीमेल टिक आहे का बघा. मग फोनची तारीख-वेळ ऑटोमॅटिकवर. मग फोनच्या बॅटरी सेटिंगमधे जीमेलला रिस्ट्रिक्टेड करून ठेवलंय का, काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायच्या नावाखाली मागची ॲप झोपवून टाकतात, त्याला अनरिस्ट्रिक्टेड करा. व्हॉट्सॲपचे मेसेज ॲप उघडल्यावरच एकदम धडाधड येत असतील तर तिथे पण हेच करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. गावाकडे कितीतरी जणांचा मेल आयडी फोन घेताना दुकानदाराने बनवलेला असतो, पासवर्ड त्यानेच टाकलेला, रिकव्हरीला नंबर पण कुणाचा तरी. मावशीला विचारलं तर मेल आयडी माहीतच नसतो. फोन चालू आहे तोपर्यंतच हे नीट करून घ्या. सेटिंगमधे गूगल, मॅनेज युअर गूगल अकाउंट, तिथे तुमचा आयडी दिसतो तो वहीत लिहा. सिक्युरिटीमधे जाऊन रिकव्हरीला स्वतःचा चालू नंबर टाका, जुना बंद पडलेला नंबर काढा. पासवर्ड माहीत नसेल तर तिथेच फरगॉट पासवर्ड करा, ज्या फोनमधे खातं आधीपासून चालू आहे तिथून काही वेळा फोनचं लॉक टाकूनच नवीन पासवर्ड ठेवता येतो. एकदा फोन हरवला किंवा फुटला की हे काम फार अवघड होऊन बसतं. आणि एखादं खातं दोन वर्षं उघडलंच नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं, म्हणून जुना आयडी असेल तर अधूनमधून उघडत जा.

स्क्रीनभर आपोआप जाहिराती येत असतील तर

हा साधा स्लोपणा नाही, कुठलं तरी ॲप आत बसलंय. जाहिरात आली की लगेच रीसेंट ॲपचं बटण दाबा, तिथे कुठल्या ॲपच्या नावाने ती खिडकी उघडलीय ते बऱ्याचदा दिसतं, ते काढून टाका. नाही दिसलं तर सेटिंगमधे डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स शोधा आणि टॉर्च, वॉलपेपर, क्यूआर स्कॅनर, कॉल रेकॉर्डर असल्या ॲपची ती परवानगी काढा. तरी सापडत नसेल तर सेफ मोड. बऱ्याच फोनमधे पॉवरचं बटण दाबून स्क्रीनवर पॉवर ऑफ आलं की त्यावर बोट दाबून धरायचं, सेफ मोड विचारतं. सेफ मोडमधे बाहेरून टाकलेली ॲप चालत नाहीत. तिथे फोन नीट चालला, जाहिरात नाही, हँग नाही, तर नक्की झालं की टाकलेल्या ॲपपैकीच कुणीतरी आहे. रीस्टार्ट करून शेवटी शेवटी टाकलेली ॲप एकेक काढत जा.

पण काही ॲप जाहिरातीवर थांबत नाहीत. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून, पीएम किसानचा हप्ता म्हणून, आरटीओचं चलान म्हणून एपीके फाइल येते, एपीके म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकायचं ॲप. ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून येते, कारण त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. ती टाकली की एसएमएस वाचायची परवानगी मागते, ॲक्सेसिबिलिटी मागते, आणि मग ओटीपी त्या चोरांकडे वाचला जातो. पत्रिका कधीच एपीके नसते, फोटो असते किंवा पीडीएफ असते. सरकारी ॲप फक्त प्ले स्टोअरवरून घ्यायचं. चुकून टाकलंच तर लगेच डेटा आणि वायफाय बंद, फोन एरोप्लेन मोडवर, दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून खातं आणि यूपीआय थांबवा, आणि पैसे गेले असतील तर १९३० ला लगेच फोन करा. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम मधेच अडवता येण्याची शक्यता जास्त. लाज वाटून दोन दिवस घरात लपवू नका, शिकलेली माणसं पण यात फसतात. अशा फोनला मात्र फोटो बाजूला काढून फॅक्टरी रीसेटच, म्हणजे फॉरमॅटच, करावा, इथे मी स्वतः सांगतो.

मग नवीन कधी घ्यायचा

फोनला सिक्युरिटी अपडेट येणं बंद होऊन बरीच वर्षं झाली असतील आणि बँकेचं ॲप चालणार नाही म्हणून सांगत असेल तर घ्या. अँड्रॉइड ५ च्या खालच्या फोनवर व्हॉट्सॲप २०२५ पासून चालत नाही, तिथे पण इलाज नाही. घेताना रॅम खरी ६ जीबी आणि स्टोरेज १२८ जीबी बघा, कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवर जाऊ नका, रोजच्या वापराला या दोनच गोष्टी पुढची तीन-चार वर्षं तारतात.

जुना फोन घरात कुणाला द्यायचा किंवा विकायचा असेल तर आधी सेटिंगमधे अकाउंटमधे जाऊन गूगल अकाउंट रिमूव्ह करा, आयफोन असेल तर आयक्लाउडमधून साइन आउट करा, मेमरी कार्ड आणि सिम काढा, आणि मगच सेटिंगमधून रीसेट मारा. बटणं दाबून बाहेरून रीसेट मारला तर चालू झाल्यावर फोन जुन्या मालकाचा मेल आणि पासवर्ड मागतो, आणि तो कुणाला आठवत नसतो. असे फोन माझ्याकडे पिशवी भरून येतात आणि खरेदीचं बिल नसेल तर मी ते उघडून देत नाही, कारण चोरीचा फोन कुठला आणि आप्पांचा कुठला ते मला कळणार कसं. म्हणून बिल पण जपून ठेवा, मेल आयडीच्या वहीतच चिकटवून.